नदीप्रदूषणाचा कायदा : शब्दाकडून अंकाकडे

इंग्लंडमध्ये १८७६ साली नदीप्रदूषणास प्रतिबंध करणारा कायदा झाला. कारखान्याचे दूषित पाणी प्रवाहात सोडणे हा त्याने गुन्हा ठरविला. परंतु ते निरुपद्रवी करण्यासाठी व्यवहार्य व वाजवी उपाय योजल्याचे दाखविणाऱ्या कारखानदारास त्यातून मोकळीकही दिली. ‘दूषित’ कशास म्हणावे याचे माप कायद्यात नव्हते. १८६८ च्या आयोगाने सुचविलेली मापे त्यात घेतली गेली नाहीत. शब्द संदिग्ध राहिला आणि त्याचा लाभ कारखान्यांस मिळाला.

पुढे १८९८ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने १९१२ च्या आठव्या अहवालात मैलापाण्यापुरते माप दिले : तरळणारे घन पदार्थ दशलक्ष भागांत ३० हून व पाच दिवसांत शोषला जाणारा प्राणवायू २० हून अधिक नसावा, मात्र नदीचे पाणी त्याच्या किमान आठपट असावे.

महाराष्ट्राने १९६९ साली व केंद्राने १९७४ साली जलप्रदूषणाचा कायदा केला; केंद्रीय कायद्याने मानके ठरविण्याचे काम राज्यमंडळांकडेही सोपविले. तथापि दख्खनच्या अनेक नद्या उन्हाळ्यात आटतात. तेथे आठपट पाण्याचे गृहीत टिकत नाही. अंक उसना घेता येतो, नदी घेता येत नाही.