खाडी, खाजन आणि गांवकरी

गोमंतकातील अनेक महाजन कुळांचे मूळ गांव खाडीकाठचे होत. श्रीमंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी, आणि श्रीशांतादुर्गेचे केळशी, ही दोन्ही झुआरीच्या परिसरात वसलेली आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत देवालयांवर संकट ओढवले, तेव्हा ही दैवते झुआरीपलीकडे अंत्रुज महालात नेण्यात आली. खाडीने दिलेली ही वाट सर्वांना ठाऊक आहे. परंतु तत्पूर्वीपासून तिनेच या गांवांचे पोषण केले, याचे स्मरण सहसा होत नाही.

मांडवी व झुआरी यांच्या पात्रांत समुद्राची भरती कित्येक कोस आंत शिरते. भरतीच्या पातळीहून सखल असलेली दलदल पूर्वजांनी बांध घालून लागवडीखाली आणली. हीच खाजन शेती होय. खाडीतील चिखल रचून बांध उभारावयाचा, जेथे पाण्याचा मारा अधिक तेथे त्यास जांभ्या दगडाचे अस्तर द्यावयाचे, आणि बाहेरील अंगास खारफुटी राखून लाटांचा जोर मोडावयाचा, अशी ही रचना असे. बांधात बसविलेल्या मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात व ओहोटीस उघडून शेतातील पाणी बाहेर सोडतात.

या व्यवस्थेतून एकाच भूमीने नाना प्रकारचे उत्पन्न दिले. पावसाने जमिनीतील खार धुऊन निघे आणि क्षार सोसणारे कोरगुट भात पिके. कापणीनंतर मानशीतून बेताने पाणी आंत घेतले जाई. ओहोटीच्या वेळी मानशीच्या मुखाशी जाळे लावून मासळी धरीत. उन्हाळ्यात मिठागरे पिकत. खारफुटीच्या मुळांशी वाढणारी माशांची पिले पुढे साऱ्या खाडीला पुरत.

या उत्पन्नाची वाटणी आणि बांधाची राखण गांवकरीकडे असे. १५२६ साली आफोंसो मेशिया याने तिसवाडीतील गांवकरीचे रीतिरिवाज ‘फोराल’ या दस्तऐवजात नोंदविले. पडीक जमीन लागवडीस आणून गांव वसविणारे ते गांवकर, अशीच त्यांची ओळख त्यात दिसते. मानशीवरील मासेमारीची पावणी होई. सामाईक उत्पन्नातून राजाचा कर, देवळाच्या सेवेकऱ्यांचा निर्वाह आणि बांधबंदिस्ती यांचा खर्च भागविल्यानंतरच उरलेले गांवकरांस वाटले जाई. खाडीच्या लाभाचे मोल गांवास ठाऊक होते, आणि त्या मोलातील पहिला वाटा बांधाचा होता.

हा मेळ पुढे सुटला. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर खाजनांची जबाबदारी हळूहळू कुळांच्या संघटनांकडे गेली. कसणाऱ्यास हक्क मिळाला, हे न्याय्यच झाले. परंतु बांधाची सामुदायिक शिस्त सर्वत्र टिकली नाही. भातापेक्षा मानशीवरील मासळीचे उत्पन्न अधिक वाटू लागल्याने काही ठिकाणी खारे पाणी अवेळी आंत घेतले गेले. खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या लाटांनीही काठ खचले. एकदा बांध फुटून शेत खाऱ्या पाण्याखाली गेले, की तेथे पुन्हा भात पिकण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात.

१९९७ साली रॉबर्ट कोस्टान्झा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात निसर्गाच्या देण्यांचे मोल मांडले. त्यात खाड्यांचा लाभ दर हेक्टरी दर वर्षी २२,८३२ डॉलर इतका, म्हणजे सर्वांत मोठ्या आकड्यांपैकी एक, ठरला. गोमंतकात खाजन भूमीच सुमारे १८,००० हेक्टर गणली जाते. मात्र असा आकडा कितीही मोठा असला, तरी त्याने बांधावर चिखलाची एक पाटीही पडत नाही. जो लाभ घेईल त्याने बांध राखावा, हा गांवकरीचा दंडक त्या आकड्याला अर्थ देतो.

आजही पुष्कळ महाजन कुटुंबे मूळ गांवाचे नाते अभिमानाने सांगतात. देवालयाचा जीर्णोद्धार हे जसे त्यांचे कुलकर्तव्य, तसेच ज्या बांधाने त्या देवालयाचा नैवेद्य पुरविला त्याची विचारपूस करणे हेही त्याच परंपरेचे अंग होय.