म्यूलर (आडनाव)

जर्मनीतील सर्वाधिक प्रचलित आडनाव. मूळ अर्थ ‘गिरणीवाला’; लॅटिन ‘मोलिनारियुस’वरून ते जुन्या जर्मनमध्ये आले. उत्तरेत म्योलर, दक्षिणेत म्यूलनर ही त्याची रूपे होत. साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकांत, शहरे वाढू लागल्यावर, व्यवसायावरून पडलेली अशी नावे वंशपरंपरागत झाली.

हे नाव इतके पसरण्याचे कारण पाणचक्कीत आहे. गावोगाव ओढ्यावर पाणचक्की असे आणि पुष्कळ ठिकाणी कुळांना ठरलेल्या गिरणीतच दळण आणण्याची सक्ती असे. मजुरी धान्यातच घेतली जाई. बहुधा सोळावा हिस्सा. ते माप गिरणीवाल्याच्याच हाती, त्यामुळे माप मारण्याचा संशय त्याच्या पाचवीला पुजलेला. कित्येक ठिकाणी कारागीर संघ त्याच्या मुलांना प्रवेश नाकारत. 1548च्या साम्राज्य-अधिनियमाने ही बंदी उठवली, तरी लोकांच्या मनातली अढी सहजी गेली नाही.

विद्वानांना हे नाव फारच सामान्य वाटत असावे. खगोलशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर (1436–76) ‘रेगिओमोंटानुस’ या लॅटिन नावानेच ओळखला जातो. कवी विल्हेल्म म्यूलर यांचे पुत्र, ऋग्वेदाचे संपादक फ्रीड्रिख माक्स म्यूलर (1823–1900) यांनी ‘माक्स’ हे नाव आडनावालाच जोडून घेतले. पुणे-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनांत ते जोडनावच टिकून आहे.