कान्हेरीच्या डोंगरांतील जुने सोबती

मोठें पदार्थसंग्रहालय पाहावयाचें तर जोडीला जुना स्नेही असावा. एकटा मनुष्य वस्तू पाहून पुढें सरकतो. दोघे असले कीं थांबतात, वाद घालतात आणि परत फिरून तीच वस्तू पुन्हा पाहतात. बोरिवलीच्या पूर्वेस, साष्टीच्या डोंगरांत, असें एक संग्रहालय कातळांतच कोरलेलें आहे. तें म्हणजे कान्हेरी. जुन्या लेखांतील कृष्णगिरि. शंभराहून अधिक लेणीं, त्यांच्यापाशीं खोदलेल्या पाण्याच्या पोढ्या, आणि कल्याण, सोपारा, चेऊल येथील दात्यांचे ब्राह्मी लेख, असा हा संग्रह आहे.

यांतून उचलून नेलेल्या वस्तूंची कथा मात्र खेदाची आहे. इ. स. १८३९ मध्यें डॉ. जेम्स बर्ड यांनीं तिसऱ्या लेण्यासमोरील एक स्तूप उकरला. आंत ताम्रपट निघाला. सिंधुदेशांतून आलेल्या बुद्धरुचि नांवाच्या गृहस्थानें त्रैकूटकांच्या २४५ व्या वर्षीं, म्हणजे सुमारें इ. स. ४९४ मध्यें, शारद्वतीपुत्राचा हा स्तूप उभारल्याचें त्यावर लिहिलें होतें. तेराशें वर्षें मातींत सुखरूप राहिलेला तो पत्रा विद्वानांच्या हातीं आल्यावर हरवला! आज अभ्यासकांस त्याच्या छापील प्रतीवरच समाधान मानावें लागतें.

जें कातळावर राहिलें तें वांचलें. नव्वदाव्या लेण्यांत अवलोकितेश्वराचें एक शिल्प आहे. आग, हत्ती, सर्प, फुटलेलें गलबत अशा संकटांत सांपडलेले प्रवासी त्याचा धांवा करीत आहेत. याच लेण्यांत निराळ्याच लिपींतले तीन लेख आहेत. ते पहलवी आहेत. या लिपींत एकेका अक्षराचे अनेक उच्चार संभवतात, त्यामुळें वाचणाऱ्याची कसोटी लागते. जी. आय. पी. रेल्वेचे एंजिनियर एडवर्ड वेस्ट यांनीं ते लावून दाखविले. रूळ टाकणाऱ्या खात्यांतला मनुष्य सासानी इराणची लिपि वाचतो, हेंही त्या काळाचें एक नवलच.

पहिला लेख यज्दगर्दी सन ३७८ चा, म्हणजे १० ऑक्टोबर १००९ चा. त्या दिवशीं कांहीं जरथुष्ट्री समानधर्मी येथें आले, एवढेंच सांगून पुढें नांवें दिलीं आहेत: माहअय्यार, पंजबुख्त, मर्दानशाद वगैरे. ना दान, ना नवस. उत्तर कोंकणांत तेव्हां शिलाहारांचा अंमल होता. बौद्धांच्या विहारांत हे अग्निपूजक निव्वळ पाहावयास आले होते, असेंच मानणें सयुक्तिक दिसतें. दुसऱ्या लेखाची तारीख २४ नोव्हेंबर १००९. दीडच महिन्यानें माहअय्यार, पंजबुख्त आणि मर्दानशाद हींच नांवें पुन्हा भिंतीवर येतात! एकदां पाहून त्यांचें मन भरलें नव्हतें. शिवाय या खेपेस त्यांनीं नवे सोबतीही आणले. ‘अय्यार’ म्हणजे साह्यकर्ता, सोबती. फारसींतून मराठींत आलेला ‘यार’ शब्द त्याचाच वंशज होय.

आज भिंतीवर नांव कोरणारा १९५८ च्या कायद्यानें दंडास पात्र होतो, व तें योग्यच आहे. मर्दानशादाचें ओरखडणें इतिहास ठरलें म्हणून कोणा उनाडाचें ठरेल असें नाहीं.

तिसरा लेख ३० ऑक्टोबर १०२१ चा. तिन्ही तारखा पावसाळा सरल्यावरच्या, डोंगर हिरवा आणि पोढ्या तुडुंब असतांनाच्या. मुंबईची मंडळी अद्याप त्याच दिवसांत शिदोरी बांधून तेथें जातात.