स्टेपनी गेली, पंक्चरवाला राहिला

गेल्या उन्हाळ्यात सुरतहून आमचे मेहुणे कोरीटला आले होते. परत निघताना गाडीत हवा कमी झाल्याचा दिवा लागला. मी म्हणालो, “भाईजान, स्टेपनी काढू या.” ते हसले. “या गाडीला स्टेपनीच नसते. टायर रन-फ्लॅट आहे, हवा गेली तरी चालतो.”

गाडी खरोखरच नंदुरबारपर्यंत आली. दुकानातल्या पंक्चरवाल्याने टायर उतरवला, आतून हात फिरवला आणि सांगितलं, “खिळा काढून भोक बुजवून देतो, पण हा हवेशिवाय चाललाय. आतून किती भाजलाय ते बाहेरून कळत नाही. सुरतेपर्यंतची जबाबदारी मी घेणार नाही.” त्या मापाचा टायर नंदुरबारात मिळाला नाही. असा टायर हवेशिवाय साधारण ८० किलोमीटर, तेही ताशी ८० च्या आत चालतो. सुरत दीडशेच्या पुढे. शेवटी गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून न्यावी लागली.

मी भाषेचा शिक्षक. माझं डोकं ‘स्टेपनी’ या शब्दातच अडकलं. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच घेतलं होतं, पण तो टायर रुळला नाही. १८८८ मध्ये बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो पुन्हा घडवला. हवेने प्रवास मऊ झाला आणि पंक्चरही सोबत आलं. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेली गावी पंक्चर चाकावर बसवायचं जादा चाक तयार झालं. दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून ‘स्टेपनी’. रस्त्याचं ते नाव आज आपल्या खेड्यापाड्यात बोललं जातं.

पुढे ही स्टेपनीही नको झाली. १९७० च्या दशकात डनलॉपने ‘डेनोवो’ नावाचा हवेशिवाय चालणारा टायर आणला, तो फार चालला नाही. नंतर बाजूच्या भिंती जाड रबराने भक्कम केलेले टायर आले. हवा गेली की त्या भिंतीच गाडीचं वजन पेलतात. आपल्याकडे २०२० मध्ये नियम बदलला. हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल, तर छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी सक्तीची राहिली नाही.

फायदा खोटा नाही. कोंडाईबारी घाटात रात्री ट्रक अंगावरून जात असताना जॅक लावून चाक बदलणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. अचानक हवा गेली तरी गाडी हातात राहते. डिकीत जागा वाचते. पण टायर महाग, जड आणि कडक. खड्डा थेट कमरेला कळतो. हवेशिवाय चालल्यावर दुरुस्ती बहुधा करू नये असंच सांगतात. ज्याचा रोजचा रस्ता मोठ्या शहरांना जोडणारा आहे त्याला हा टायर परवडेल. आमच्यासारख्यांनी आधी पाहावं, ८० किलोमीटरच्या आत तो टायर मिळतो का.

हे सगळं लिहिण्याचं कारण वेगळं आहे. ‘पंक्चरवाला’ हा शब्द आज मुसलमानाला हिणवण्यासाठी वापरला जातो. माझ्या वर्गातल्या एका मुलाने वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात ‘व्यापार’ लिहिलं होतं. वडील पंक्चर काढतात. त्या दिवशी नंदुरबारच्या त्या माणसाला भोक बुजवून पैसे घेणं सोपं होतं. त्याने घेतले नाहीत, कारण आतून भाजलेलं रबर त्याच्या हाताला कळलं होतं.

आमची मुलं डॉक्टर, इंजिनिअर व्हावीत, यासाठीच मी शिकवतो. पण बापाचा धंदा लपवून नव्हे. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर ‘स्टेपनी’ लिहून तिची गोष्ट सांगितली. मग विचारलं, ट्यूबवर ठिगळ कसं चिकटतं? वर्ग गप्प. थोड्या वेळाने त्याच मुलाने हात वर केला. आधी कानशीने घासायचं, मग सोल्युशन लावून थोडं सुकू द्यायचं, ओल्यावर ठिगळ धरत नाही, असं त्याने सविस्तर सांगितलं.