वासरांची रक्ती हगवण: जंताचं औषध देऊनही का थांबत नाही?

दोन-तीन महिन्यांचं वासरू पातळ शेण टाकू लागतं. शेणात आव आणि रक्त दिसतं, शेपटी बरबटलेली असते, वासरू सारखं कुंथत राहतं आणि दूध पिणं सोडतं. जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही दूध उत्पादकाला हे चित्र ओळखीचं वाटेल. 'जंत झाले' असं म्हणून दुकानातून जंताचं औषध आणलं जातं, दोन दिवसांनी पुन्हा तेच औषध दिलं जातं आणि वासरू खंगतच जातं.

अनेकदा कारण जंत नसतंच. ते असतं आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी. त्याच्यामुळे होणाऱ्या आजाराला कॉक्सिडिओसिस किंवा रक्ती हगवण म्हणतात. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही जंतांवरची नेहमीची औषधं या परजीवीवर चालत नाहीत.

आयमेरिया म्हणजे काय?

गुरांमध्ये आयमेरियाच्या डझनभराहून अधिक जाती सापडतात. त्यातल्या दोनच खऱ्या त्रासदायक आहेत: आयमेरिया झुर्नी (वर्णन १८७८) आणि आयमेरिया बोव्हिस (१९०८). कोंबड्यांनाही रक्ती हगवण होते, पण त्यांचा आयमेरिया वेगळा. कोंबडीचा गायीला लागत नाही आणि गायीचा शेळीला लागत नाही. त्यामुळे परसातल्या कोंबड्यांवर वासराच्या हगवणीचं खापर फोडण्यात अर्थ नाही.

बाधित जनावराच्या शेणातून या परजीवीच्या सूक्ष्म अंडीवजा पेशी बाहेर पडतात. त्यांना ऊसिस्ट म्हणतात. बोव्हिसचा ऊसिस्ट साधारण २८ मायक्रॉन लांब असतो, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे पस्तीसएक ओळीने मावतील. बाहेर पडल्या पडल्या तो निरुपद्रवी असतो. ओल, ऊब आणि हवा मिळाली की काही दिवसांत आतून पिकतो आणि त्यात आठ संसर्गक्षम पेशी तयार होतात. चाऱ्यातून, पाण्यातून किंवा गायीची बरबटलेली कास चोखताना तो वासराच्या पोटात जातो.

पुढचं गणित भयंकर आहे. आतड्यात शिरलेली बोव्हिसची एक पेशी पहिल्याच फेरीत लाखाहून अधिक पेशी तयार करू शकते. दुसरी फेरी मोठ्या आतड्यात होते. तिथल्या पेशी फुटतात, अस्तर सोलवटतं आणि रक्त दिसतं. हे व्हायला सुमारे अडीच ते तीन आठवडे लागतात. म्हणजे गोठ्यात आज रक्त दिसत असेल, तर संसर्ग तीन आठवड्यांपूर्वीचा आहे.

खान्देशात कधी जपायचं?

इथल्या मे महिन्यातलं ४३-४४ अंशांचं ऊन आणि कोरडेपणा ऊसिस्टला मानवत नाही. उघड्यावर पडलेल्या शेणातले ऊसिस्ट वाळून मरतात. पण पाण्याच्या हौदाभोवतीची ओल, गव्हाणीखालचा चिखल आणि वासरं बांधायचा अंधारा कोपरा उन्हाळ्यातही ओलाच राहतो. जूनमध्ये पाऊस लागला की मग सगळा गोठाच त्या कोपऱ्यासारखा होतो. त्यात दूध तोडणं, दुरून टेम्पोतून आणणं, अचानक चारा बदलणं असा ताण आला की वासरू आजारी पडतं.

फिनाईल शिंपडून समाधान मिळतं, ऊसिस्ट मात्र मरत नाहीत. त्यांचं कवच नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. उकळतं पाणी, ऊन आणि कोरडी जमीन यांनी जे साधतं ते बाटलीने साधत नाही.

शेणाची तपासणी कशी होते?

पद्धत जुनी आणि स्वस्त आहे. थोडं शेण मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवून गाळतात. ऊसिस्ट हलके असल्याने वर तरंगतात, तो थर काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मोजणीसाठी आखलेली 'मॅकमास्टर' काचपट्टी वापरून एक ग्रॅम शेणात किती ऊसिस्ट आहेत हे काढता येतं. कोणती जात आहे ते ठरवायचं तर नमुना पोटॅशियम डायक्रोमेटच्या पातळ द्रावणात ठेवून ऊसिस्ट पिकू देतात आणि मग आकार पाहतात.

इथे एक मेख आहे. धडधाकट गायींच्या शेणातही थोडे ऊसिस्ट सापडतात. लहानपणी संसर्ग होऊन गेलेला असतो आणि शरीराने तो काबूत ठेवलेला असतो. म्हणून 'इतके टक्के गुरं बाधित' असा सर्वेक्षणाचा आकडा वाचताना तो आजारी जनावरांचा आकडा समजू नये. उलटही घडतं: हगवण सुरू होते त्या दिवशी शेणात ऊसिस्ट उतरलेलेच नसतात आणि अहवाल कोरा येतो. अशा वेळी दोन-तीन दिवसांनी पुन्हा नमुना द्यावा.

उपचार काय?

पशुवैद्यक बहुधा अँप्रोलियम किंवा सल्फा गटातलं औषध देतात. अँप्रोलियमची रचना ब-१ जीवनसत्त्वासारखी असते. परजीवी ते जीवनसत्त्व समजून घेतो आणि उपाशी पडतो. मात्रा वाढली तर वासरातही ब-१ ची कमतरता होऊ शकते, त्यामुळे अंदाजाने डोस देऊ नये. रक्त दिसेपर्यंत आतड्याचं बरंचसं नुकसान झालेलं असतं. त्या टप्प्यावर वासराला वाचवतं ते मुख्यतः वेळेत भरून काढलेलं पाणी आणि क्षार. गोठ्यातल्या बाकीच्या वासरांना मात्र औषधाचा खरा फायदा होतो, कारण त्यांच्यात परजीवी अजून पहिल्या फेरीत असू शकतो.

माणसांना धोका आहे का?

आयमेरियापासून नाही. पण वासरू एक ते तीन आठवड्यांचं असेल आणि हगवण पाण्यासारखी, बिनरक्ताची असेल, तर संशय क्रिप्टोस्पोरिडियमवर जातो. हा त्याचा दूरचा नातेवाईक आणि त्याची पार्व्हम ही जात माणसालाही लागते. क्लोरीनलाही तो जुमानत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम पसरला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. आधी बोट गुरांकडे दाखवलं गेलं, नंतरच्या जनुकीय तपासणीत तो माणसांत पसरणारा प्रकार निघाला. तरीही अशा वासराला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि लहान मुलांना त्याच्यापासून लांब ठेवावं.

नमुना द्यायचा असेल तर शेण ताजं, शक्यतो थेट गुदद्वारातून घेतलेलं असावं. ते स्वच्छ डबीत भरून त्याच दिवशी, औषध देण्याआधी दवाखान्यात पोहोचवावं. वासरू उठतच नसेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावरून फिरतं पशुवैद्यकीय पथक बोलावता येतं.