क्रमांक १२९, नावे १२६

पाण्यातल्या विषारी प्रदूषकांची अमेरिकन सरकारची यादी वाचताना १६ नंतर एकदम १८ येतो, ४८ नंतर ५१. शेवटचा क्रमांक १२९, नावे मात्र १२६.

ही यादी कोर्टाच्या तगाद्यातून जन्मली. १९७२च्या कायद्याने तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेला, म्हणजे ईपीएला, अशी यादी ९० दिवसांत काढायला सांगितले होते. १९७३ साली कशीबशी नऊ नावे निघाली. पर्यावरणवादी संघटनांनी दावा लावला आणि १९७६ साली तडजोडीत ६५ नावे ठरली. त्यातही मेख होतीच. 'हॅलोइथर' म्हणून एकाच ओळीत अख्खे घराणे बसवलेले! प्रयोगशाळेतल्या माणसाने त्यातले मोजायचे कोणते?

हाताशी यंत्र होते गॅस क्रोमॅटोग्राफ आणि त्याला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर. पदार्थाची वाफ नळीतून किती वेळाने बाहेर पडते आणि त्याचे तुकडे कसे होतात, यावरून ओळख पटते. पण ती पक्की करायला त्याच पदार्थाचा शुद्ध नमुना शेजारी चालवून पाहावा लागतो. म्हणून घराण्यांतून एकेक नाव निवडताना पाहिले गेले: पाण्यात ते किती वेळा सापडते, कारखान्यांत किती बनते आणि त्याचा शुद्ध नमुना मिळतो का. ही शेवटची अट मला विलक्षण वाटते. विषांचा मानपान काही अंशी रसायनविक्रेत्याच्या कॅटलॉगने ठरवला! अर्थात, ज्याचे मोजमाप सिद्ध करता येत नाही त्यावर कारखान्याला नोटीस तरी कशी बजावणार?

अशी १२९ नावे झाली. १९८१ साली तीन गळाली: दोन फ्रिऑन वायू आणि एक इथर. हे इथर पाण्यात पडताच काही सेकंदांत विघटते, मग पाण्यात सापडणार कुठून! त्यांचे क्रमांक तसेच मोकळे राहिले.

औषधांना मात्र या यादीत जागाच नव्हती. कॅन्सस सिटीच्या सांडपाण्यात कोलेस्टेरॉलवरच्या गोळीचा अंश सापडल्याचे १९७७ सालीच छापून आले होते, तरीही.

युरोपने २०१५ साली वेगळी वाट धरली, पाळतीच्या यादीची. आधी काही वर्षे ठिकठिकाणी मोजायचे, मग ठरवायचे. पहिल्याच यादीत, आपल्याकडे गिधाडांच्या जिवावर उठलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध होते. २०१८ साली ते नाव निघाले, कारण निर्णयापुरती मोजमापे जमली होती.