दार कुठल्या बाजूला उघडत होतं?

शिकागोला ऑनसाईट होतो तेव्हाची गोष्ट. तीन दिवस सुट्टी जोडून आली आणि टीममधले बाकीचे सगळे नायगाराला पळाले. माझ्या रूममेटला लेक सुपीरियर बघायचा होता, म्हणून आम्ही दोघं सरळ उत्तरेला निघालो. सात-आठ तास गाडी हाकली की मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, किवीनॉ द्वीपकल्पावर, कॅल्युमेट नावाचं गाव लागतं. एके काळी इथे तांब्याच्या खाणी होत्या. 'कॅल्युमेट अँड हेक्ला' ही कंपनी म्हणजेच गाव, असा सगळा कारभार. घरं तिची, हॉस्पिटल तिचं, लायब्ररीसुद्धा तिचीच. १९६८ मध्ये शेवटचा संप झाला, खाणी बंद पडल्या आणि गाव ओस पडत गेलं.

पाचव्या रस्त्यावर 'युनियन बिल्डिंग' आहे. मला वाटलं कामगार युनियनची असेल. कसली कामगार युनियन! फ्रीमेसन आणि ऑड फेलोज या दोन लॉजनी १८८० च्या दशकाच्या शेवटी मिळून बांधलेली इमारत ती. (लॉज म्हटलं की आपल्याला 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' आठवते, ते हे नव्हे. ही सभासदांची बंधुमंडळं. त्यांचे स्वतःचे विधी, स्वतःच्या खुणा.) खाली भाड्याने दिलेले गाळे, वर लॉजच्या सभा. १९९२ मध्ये इथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं आणि २०११ पासून त्याचं माहिती केंद्र याच इमारतीत आहे. इमारत सुरेख राखली आहे. फिरून खूश झालो.

पण तिथून दोन रस्ते चालत गेलं की सातव्या रस्त्यावर नुसती एक कमान उभी आहे. मागे इमारतच नाही. माझा वीकेंड त्या कमानीने खाल्ला.

तिथे 'इटालियन हॉल' होता. 'सोचिएता मुतुआ बेनेफिचेन्त्सा इताल्याना' या मंडळाने तो १९०८ मध्ये बांधला. नाव भारदस्त असलं तरी काम साधं होतं. सभासदांनी वर्गणी भरायची, कुणी आजारी पडला किंवा मेला की मंडळाने घरच्यांना पैसे द्यायचे. आपली भिशी आणि ग्रुप इन्शुरन्स यांच्या मधलं काहीतरी म्हणा. खाणीत माणूस दगावण्याची शक्यता रोजचीच, आणि नुकसानभरपाईचा कायदा मिशिगनमध्ये आला तो १९१२ मध्ये. तोवर असली मंडळंच आधार होती. फिनिश, स्लोव्हेनियन, क्रोएशियन, प्रत्येकाचं वेगळं. इटालियन हॉलच्या तळमजल्यावर एक किराणा दुकान आणि एक दारूचा गुत्ता होता, वरती स्टेज असलेला मोठा हॉल.

जुलै १९१३ मध्ये संप सुरू झाला. आठ तासांचा दिवस, पगारवाढ, युनियनला मान्यता, आणि नवीन ड्रिल मशीन नको. आधी ड्रिलवर दोन माणसं असायची, आता एकच. म्हणजे निम्म्यांचं काम जाणार, आणि खाली एकट्याला काही झालं तर हाक मारायला कुणी नाही. (ऑटोमेशनवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून जरा अवघडल्यासारखंच झालं.)

संपात पाच महिने काढलेल्या घरांतल्या पोरांसाठी युनियनच्या महिला मंडळाने २४ डिसेंबरला याच हॉलमध्ये ख्रिसमसची पार्टी ठेवली. पुढाकार अ‍ॅनी क्लेमेन्क या बाईंचा. मोर्च्यांत भलामोठा अमेरिकन झेंडा घेऊन पुढे चालायच्या त्या. हॉलमध्ये शेकड्यांनी माणसं, त्यात बरीचशी मुलं. कुणीतरी ओरडलं, "आग!" आग नव्हतीच. सगळे जिन्याकडे धावले, पुढचे पडले, त्यांच्यावर मागचे. ७३ माणसं त्या जिन्यात गुदमरून गेली. त्यातली ५९ लहान मुलं होती.

ओरडलं कोण? काहींनी शपथेवर सांगितलं की त्या माणसाच्या कोटावर 'सिटिझन्स अलायन्स' या संपविरोधी संघटनेचा बिल्ला होता. चौकशीत साक्षी इंग्रजीतच द्यायला लावल्या, आणि साक्षीदारांतल्या अनेकांना धड इंग्रजी येत नव्हतं! माणूस सापडला नाही. अलायन्सवाल्यांनी मदतीचे पैसे देऊ केले, ते युनियनने नाकारले. दोन दिवसांत युनियनचा अध्यक्ष चार्ल्स मॉयर याला मारहाण करून, गोळी घालून जखमी अवस्थेत ट्रेनमध्ये कोंबण्यात आलं. एप्रिल १९१४ मध्ये संप मोडला.

आता दाराचं. वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की जिन्याखालचं दार आतल्या बाजूला उघडत होतं, म्हणून गर्दीच्या रेट्याने ते उघडलंच नाही. वुडी गथ्रीने या घटनेवर गाणं लिहिलं, त्यात कंपनीचे गुंड दार बाहेरून धरून ठेवतात. आणि २००६ मध्ये स्टीव्ह लेह्टो या वकिलाने पुस्तक लिहून, जुनी वर्तमानपत्रं आणि साक्षी धुंडाळून म्हटलं की दारं बाहेरच उघडत होती. मला लेह्टोचं पटतं. पण मला पटून काय उपयोग? ऑफिसात सर्व्हर पडला की आम्ही लॉग बघतो. इथला लॉग म्हणजे ती इमारत. ती १९८४ मध्ये पाडली. आणि १९८७ मध्ये तिथे सरकारी फलक लावला, त्यावर लिहिलं: दारं आत उघडत होती. जाऊन बघणार कोण, आणि काय बघणार!

फरक लहान नाही हो. दार आत उघडत असेल तर दोष बांधणाऱ्यांचा, म्हणजे फिरून त्या वर्गणी भरणाऱ्या इटालियनांचाच. दार बाहेर उघडत असेल तर उरतो फक्त तो ओरडणारा माणूस.

पाडताना गावातल्या लोकांनी धडपड करून निदान कमान वाचवली. मेसन लोकांच्या इमारतीला माहिती केंद्र मिळालं, यांना कमान. रूममेट बराच वेळ तिच्या दगडांवर बिजागरीची खूण शोधत होता. मी आत जाऊन जिना कुठे असेल ते पावलं टाकून मोजून पाहिलं. मागे गवत होतं.

असो. लेक सुपीरियर दुसऱ्या दिवशी बघितला. त्याचे फोटो पुढच्या वीकेंडला टाकतो.